पॅनेल किती तास वापरलं ते लिहिता येतं, पण शिकणं झालं का ते कसं तपासायचं?

परळची तासिका (धागा सुरू)

नमस्कार मंडळी. परळमधल्या मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गांत ७५ इंची पॅनेल (स्पर्शाने चालणारा डिजिटल फळा) बसून वर्ष झालं. आता प्रत्येक विषयशिक्षकाकडून ‘तंत्रज्ञान वापराचे आत्मपरीक्षण’ मागितलं आहे. नमुन्यात तीन रकाने: महिन्यात किती तासिका पॅनेल वापरलं, कोणते व्हिडिओ दाखवले, आणि एसएएमआरच्या चार पायऱ्यांपैकी (जुन्याच्या जागी नवं साधन, त्यात थोडी भर, कामात बदल, पूर्ण नवं काम) आपण कुठल्या पायरीवर आहोत.

भरायला अर्धा तास पुरेल. पण त्यातून मुलांच्या पदरात काय पडलं ते कळत नाही, आणि मला तेच तपासायचं आहे.

परिस्थिती: दहावीच्या दोन तुकड्या, पट ६२ आणि ६०. तासिका ३५ मिनिटांची. मुलांकडे वर्गात फोन नाहीत. वायफाय कार्यालयापुरतं. खिडक्या रस्त्याच्या बाजूला, पंखे सुरू. शेवटचा बाक पॅनेलपासून साधारण ८ मीटरवर. माझे तीन प्रश्न:

कमीत कमी लिखापढीत रोज काय नोंदवावं? दोन तुकड्यांच्या गुणांवरून पॅनेलचा फरक सांगता येईल का? आणि ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ला सिम्युलेशन (पडद्यावर हलवून बघायचा आभासी प्रयोग) दाखवलं तर पायरी कुठली लिहायची?

---

खडूची भुकटी

मॅडम, शेवटच्यापासून सुरुवात करतो कारण ते सोपं आहे. पायरी हवी ती लिहा. रूबेन प्वेन्तेदुरा यांची ही मांडणी साधनामुळे काम किती बदललं एवढंच सांगते. बदललेल्या कामातून मुलं शिकली का, याबद्दल ती मुकी आहे. पहिल्या पायरीवरचा साधा मोठा नकाशा चौथ्या पायरीवरच्या चकचकीत प्रकल्पापेक्षा जास्त शिकवू शकतो. शिडी काढली की सगळ्यांना वरच जावंसं वाटतं, हा त्या आकृतीचाच दोष.

नोंदीबद्दल. टाचणवहीत ३५ मिनिटांचे ७ चौकोन आखा, प्रत्येकी ५ मिनिटांचे. पडद्यावर काय होतं ते त्यात लिहू नका. मुलं काय करत होती त्याचं एक अक्षर लिहा: ऐ (ऐकणं-बघणं), लि (फळ्यावरून उतरवणं), वि (स्वतः सोडवणं, अंदाज बांधणं, शेजाऱ्याला समजावणं), थां (थांबणं). आठवड्यातून दोनच तासिका भरा, पण कुठल्या ते आधी ठरवून. तासिका चांगली गेली म्हणून मागाहून निवडली तर नोंद खोटी होते. शिकवता शिकवता हे भरणं कठीणच आहे. ऑफ तासिका असलेल्या सहकाऱ्याला १५ मिनिटं मागे बसवता आलं तर उत्तम.

‘थां’कडे विशेष लक्ष द्या. पॅनेल सुरू होणं, पेनड्राइव्ह सापडणं, फाइल उघडणं, आवाज लागणं, मध्येच अपडेटची खिडकी. रोज ४ मिनिटं गेली तर आठवड्याच्या ५ तासिकांत २० मिनिटं होतात, म्हणजे अर्ध्या तासिकेहून जास्त. यावर उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: त्या दिवशीच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये, नावाआधी ०१, ०२, ०३, व्हिडिओ पॅनेलमध्येच उतरवलेला आणि हव्या त्या सेकंदावर थांबवून ठेवलेला, हजेरी होईपर्यंत पॅनेल सुरू.

दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे प्रश्न विचारल्यानंतरची शांतता. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात मोजून दाखवलं की शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि ३ सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारीही बोलतात. स्लाइडवर उत्तर तयार असलं की हा एक सेकंदसुद्धा उरत नाही, कारण बोट बटणावरच असतं. तेव्हा प्रश्न आणि उत्तर एका स्लाइडवर ठेवू नका. मध्ये एक रिकामी काळी स्लाइड घाला.

---

शेवटचा बाक

वरचं सगळं मान्य, पण त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारत नाही: मागच्या मुलांना दिसतं का?

हिशेब करू. सुखाने वाचता यावं म्हणून अक्षराची उंची अंतराच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी हवी. ८ मीटरला ४० मिमी. ७५ इंची पॅनेलची उभी उंची जेमतेम ९३ सेंमी, म्हणजे अक्षर पडद्याच्या तेविसाव्या भागाएवढं. नेहमीची स्लाइड ५४० पॉइंट उंच असते, त्यामुळे नुसतं अक्षर २३ पॉइंटचं झालं. देवनागरी फॉन्टमध्ये मात्रा-उकारांची जागा धरून आकार मोजतात. ‘क’चं अंग आकड्याच्या साधारण निम्मंच भरतं. म्हणून फॉन्ट ४४ ते ४८ हवा. तेवढ्यात स्लाइडवर सहा-सात ओळी मावतात, आणि त्याच बऱ्या. २४च्या फॉन्टमध्ये पाठ्यपुस्तकाचा उतारा चिकटवलेली स्लाइड मागच्या तीन रांगांसाठी नसल्यातच जमा.

तपासायची रीत: वर्ग रिकामा असताना पडद्यावर घ-ध, भ-म, ख-रव, अनुस्वार असलेले-नसलेले शब्द टाका आणि मागे बसून वाचा. उभं राहून नाही, बसून. पुढच्यांची डोकी मध्ये येतात. खिडकीकडच्या टोकाच्या बाकावरूनही बघा. काच चकाकत असेल तर तिथे अर्ध्या पडद्यावर रस्ताच दिसतो. दुपारच्या अधिवेशनात हे वेगळं असेल, तेव्हा दोन वेळा बघा.

श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमधल्या फाइली पॅनेलवर उघडल्या की चिन्हांचा कचरा दिसतो, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. नवीन काही करायचं तर युनिकोडमध्येच. जुनं वाचवायचं तर ज्या संगणकावर बरोबर दिसतं तिथूनच पीडीएफ करून न्या.

आणि पॅनेलवर आपोआप रेघा उमटत असतील, भलत्याच जागी टिचकी बसत असेल तर लगेच कंपनीला फोन नको. अनेक पॅनेलमध्ये स्पर्श ओळखायला चौकटीत अवरक्त किरणांची ओळ असते. शेजारच्या फळ्यावरचा खडू खालच्या खाचेत साचतो आणि पॅनेलला ते बोट वाटतं. पॅनेल बंद करून कोरड्या मऊ ब्रशने खाच झाडा, आठवड्यातून एकदा. ओढणी, बाही, चिकटवलेला कागद यांनीही हेच होतं. थेट ऊन पडलं तरी.

---

नाभीय अंतर

भिंगांच्या धड्याबद्दल लिहिते, कारण सिम्युलेशन कधी वापरावं आणि कधी बाजूला ठेवावं हे इथे फार स्वच्छ दिसतं.

मुलांना एकच प्रश्न विचारा: बहिर्वक्र भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर पडद्यावरच्या प्रतिमेचं काय होईल? बरीच मुलं “अर्धी प्रतिमा जाईल” म्हणतात. चूक त्यांची नाही. आपण फळ्यावर दोन-तीन ठरावीक किरण काढतो, त्यावरून प्रतिमा त्या दोन किरणांनीच बनते असं मनात बसतं. वरचा किरण अडवला की वरचा किंवा खालचा भाग गेला, हा त्यांचा तर्क त्या आकृतीशी सुसंगतच आहे. प्रत्यक्षात वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण संपूर्ण भिंगावर पडतात, म्हणून प्रतिमा पूर्णच राहते, फक्त अंधुक होते.

आता सिम्युलेशन. फेट (PhET) या विज्ञानाच्या मोफत सिम्युलेशनांच्या संकेतस्थळावरच्या ‘भौमितिक प्रकाशशास्त्र’ सिम्युलेशनमध्ये किरण दाखवायचे पर्याय असतात. ‘मुख्य किरण’ निवडून दाखवलंत तर फळ्यावरचाच गैरसमज रंगीत करून दिलात. ‘अनेक किरण’ निवडा. पण त्याहीआधी खरं भिंग हवं.

साहित्य: १० सेंमी नाभीय अंतराची (खूप दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जेवढ्या अंतरावर पडते ते अंतर), ५ सेंमी व्यासाची १० भिंगं (सहा-सात मुलांत एक), पोस्टकार्डाएवढे पांढरे पुठ्ठे, काळ्या कागदाचे तुकडे, मोजपट्ट्या. ट्यूबलाइट बंद, खिडक्या उघड्या. गट खिडकीसमोरच्या भिंतीकडे.

१) आधी वहीत अंदाज, कारणासह. २ मिनिटं. हे गाळू नका. हार्वर्डमधल्या एरिक मझूर यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की प्रात्यक्षिक नुसतं बघणारे विद्यार्थी न बघणाऱ्यांपेक्षा फारसे पुढे जात नाहीत. आधी अंदाज बांधणारे जातात.
२) खिडकीची प्रतिमा पुठ्ठ्यावर घ्या. ६ मीटरवरच्या दीड मीटर उंच खिडकीची प्रतिमा सुमारे अडीच सेंमीची, उलटी, भिंगापासून १०.१७ सेंमीवर मिळते. म्हणजे हेच अंतर नाभीय अंतर मानलं तर चूक दोन टक्क्यांहून कमी. ‘दूरची वस्तू’ म्हणजे किती दूर, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न असतो. हा आकडा त्यांना सांगा.
३) भिंग अर्धं झाका. बघा. वहीतला अंदाज न खोडता खाली निरीक्षण लिहा.
४) मग पॅनेल. ‘अनेक किरण’ ठेवून तेच दृश्य: वरचे किरण अडले तरी खालचे त्याच बिंदूला पोचतात हे मुलांनी बोट ठेवून दाखवायचं.

पॅनेलची खरी गरज पाचव्या टप्प्याला. वस्तू दुप्पट नाभीय अंतराच्या पलीकडून सलग जवळ आणत नाभीच्या आत न्या. प्रतिमा मोठी होत दूर पळते आणि अचानक वस्तूच्याच बाजूला सुलटी उगवते. ही आभासी प्रतिमा पुठ्ठ्यावर घेता येत नाही, आणि फळ्यावर सहा वेगळ्या आकृत्या काढल्या तर त्यातलं सातत्य हरवतं. इथे सिम्युलेशनला तोड नाही.

एक सावधानता. सिम्युलेशनमध्ये पट्टीने मोजलेलं अंतर धनच येतं. आपल्या पुस्तकातल्या कार्टेशियन चिन्हसंकेतात वस्तूचं अंतर ऋण. त्यामुळे भिंगाच्या सूत्राची उदाहरणं पडद्यावरच्या आकड्यांवरून थेट घालू नका; चिन्ह लावण्याचं काम वहीतच होऊ द्या. नाहीतर परीक्षेत नेमका तोच एक गुण जातो.

वायफायची अडचण नाही. सिम्युलेशन एकाच फाइलमध्ये उतरवता येतं आणि ब्राउझरमध्ये इंटरनेटविना चालतं.

---

परळची तासिका

वा, अर्धं भिंग झाकायचा प्रश्न तासिकेच्या शेवटी चिठ्ठीवर विचारता येईल. पण ६२ चिठ्ठ्या रोज तपासणं शक्य नाही. संगणक कक्षात गूगल फॉर्म घ्यावा, की ते क्यूआरसारखे कार्ड वापरावेत? कुणी वापरतं का?

---

पाटीपेन्सिल

तिन्हींचा धांडोळा.

चिठ्ठी: रोज नकोच, आठवड्यातून एक. ए-फोर कागदाचे ८ तुकडे, म्हणजे ६२ मुलांना ८ कागद. गुण देऊ नका. तीन गठ्ठे करा: बरोबर आणि कारणही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण नाही किंवा भलतंच, चूक. दहा मिनिटांत होतं. मधला गठ्ठा सगळ्यात मोलाचा. गठ्ठ्यांचे तीन आकडे टाचणवहीत लिहिले की तीच तुमची नोंद.

प्लिकर्सची कार्डं: प्रत्येक मुलाला वेगळ्या आकृतीचं कागदी कार्ड. ज्या बाजूला हवं ते अक्षर, ती बाजू वर धरायची. तुम्ही फोनच्या कॅमेऱ्याने वर्गावरून नजर फिरवता. ६३ कार्डांचा संच मिळतो, तेव्हा तुमचा पट बसतो. बिघडतं ते असं: मुलांची बोटं काळ्या आकृतीवर येतात; चकचकीत लॅमिनेशन केलं की खिडकीच्या उजेडात कॅमेरा आंधळा होतो (जाड मॅट कागदच बरा); मागची कार्डं पुढच्यांच्या हातांआड जातात. फोनचा डेटा चालू ठेवावा लागतो. आणि फक्त पर्यायी प्रश्नच विचारता येतात, त्यामुळे चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या गैरसमजांतून घ्यावे लागतात. वर भिंगाचं सांगितलंय, तसे.

गूगल फॉर्म: पर्यायी प्रश्नांना ठीक. लघुउत्तराला मराठीत जपून, कारण यंत्र अक्षरन् अक्षर जुळवून बघतं. ५ आणि इंग्रजी आकड्यातला पाच त्याला वेगळे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन-तीन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना सारखा दिसला तरी आतले संकेत निराळे असतात. ‘अपवर्तनांक’मधला अनुस्वार कुणी परसवर्णाने (‘अपवर्तनाङ्क’ असा) लिहिला की शून्य गुण. उत्तरसूचीत सगळी रूपं घाला, किंवा लघुउत्तरं हातानेच तपासा. चाचणीचा निकाल कमी आला म्हणून धडा पुन्हा शिकवण्याआधी नापास झालेली उत्तरं एकदा डोळ्यांखालून घाला.

मुलांची नावं, वैयक्तिक ईमेल, जन्मतारखा कुठल्याही परक्या ॲपमध्ये टाकू नका. हजेरी क्रमांक पुरतो. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे ‘बालक’ धरलेले आहेत, आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. टोपणनावाने काम होत असताना त्या भानगडीत पडायचंच कशाला?

---

खडूची भुकटी

कार्डांपेक्षा पाटी. खरी पाटी नसेल तर प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात पांढरा पुठ्ठा आणि व्हाइटबोर्डचं मार्कर. आकृती, सूत्र, एकक, सगळं लिहून घेता येतं. चार पर्यायांत कोंडावं लागत नाही. “एक, दोन, तीन” म्हटल्यावरच एकदम वर, नाहीतर शेजाऱ्याचं बघून पुसतात. ६२ पाट्या एका नजरेत मावत नाहीत, म्हणून दोन-दोन रांगा. पाकीट त्याच दिवशी पुसायचं. शाई रात्रभर राहिली की स्पिरिटशिवाय निघत नाही.

---

पाटीपेन्सिल

मान्य, पण पाटीची नोंद राहत नाही, कार्डाची राहते. मॅडमना शेवटी अहवाल लिहायचा आहे.

---

खडूची भुकटी

मोजून घ्या की. “चूक किती?” एवढा एक आकडा.

---

सरासरीचा फरक

दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून.

अ तुकडीला पॅनेल, ब तुकडीला फळा, मग चाचणी, असं केलंत तर हाती काही लागणार नाही. अ मुळातच पुढे असू शकते. एकीची तासिका प्रार्थनेनंतरची, दुसरीची शेवटची. एकीतली जास्त मुलं शिकवणीला जातात. शिवाय तोच धडा दुसऱ्यांदा शिकवताना आपण सुधारलेलो असतो, तो फायदा फुकटात ब तुकडीला.

अदलाबदल करा. पहिला घटक: अ पॅनेल, ब फळा. दुसरा घटक: ब पॅनेल, अ फळा. आधी कोणाला शिकवायचं तेही उलटवा. दोन्हीकडे उदाहरणं, गृहपाठ, मिनिटं सारखीच. कुणाचं नुकसान नको म्हणून चाचणी झाल्यावर राहिलेल्या तुकडीला ते सिम्युलेशन दाखवून टाका.

समजा १० गुणांच्या चाचणीत पहिल्या घटकाला अ (पॅनेल) ६.८, ब ६.१. फरक पॅनेलच्या बाजूने ०.७. दुसऱ्याला ब (पॅनेल) ५.९, अ ६.४. फरक उणे ०.५. दोन्हींची सरासरी ०.१. म्हणजे पहिल्यांदा जे पॅनेलचं यश वाटलं ते अ तुकडीचंच होतं.

केवढा फरक मनावर घ्यायचा? गुणांचं प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेत ते) २.५ धरलं तर ६२ आणि ६०च्या सरासऱ्यांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी (तो फरक नुसत्या योगायोगाने किती हलू शकतो ते) ०.४५ येते. तिच्या दुपटीच्या आतला फरक, म्हणजे साधारण ०.९ गुणांपर्यंतचा, एका घटकात नुसत्या योगायोगानेही दिसू शकतो. अदलाबदलीत तुकडीचा फरक वजा होत असल्याने थोडं बारीक दिसतं, तरी अर्ध्या गुणावरून मुख्याध्यापकांसमोर पैज लावू नका.

चाचणी त्याच दिवशी नको. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पारडं फिरलं, आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. रंगीत सादरीकरणानंतर लगेच “समजलं का?” विचारलं की “हो!” असंच येणार. दोन-तीन आठवड्यांनी, न सांगता, १० गुण. त्यात निदान दोन प्रश्न असे घाला की पडद्यावर दिसलेलं चित्र जसंच्या तसं आठवून भागणार नाही. मॅडमच्या धड्यात: भिंग झाकण्याऐवजी मध्येच गोल ठिपका चिकटवला तर?

---

परळची तासिका

सगळ्यांचे आभार. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आणि ‘भिंगे’ या दोन घटकांना अदलाबदल करते. नमुन्यातले तीन रकाने मागितलेत तसे भरीन, आणि मागे एक पान जोडीन: दहा तासिकांचे ‘ऐ-लि-वि-थां’ चौकोन, चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे, अदलाबदलीचे चार आकडे, फॉन्टचा आकार. पायरीसमोर “धड्याच्या टप्प्यानुसार वेगळी, भिंगाच्या पहिल्या तीन टप्प्यांना पॅनेल बंद” असं लिहीन.

प्रयोगशाळेत भिंगं चारच निघाली, त्यांतलं एक कडेला तुटलेलं. बाकीची मुंबईत कुठे मिळतील?

---

नाभीय अंतर

प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळा-साहित्याची दुकानं आहेत, तिथे विचारा. काचेचंच मागा, आणि दुकानातच ट्यूबलाइटची प्रतिमा कागदावर घेऊन बघा. लिहिलेलं नाभीय अंतर आणि प्रत्यक्षातलं यांत फरक निघतो. ट्यूब दोन-अडीच मीटरवर असेल तर १० सेंमीच्या भिंगाची प्रतिमा साडेदहाच्या जवळपास पडेल, ते धरून चला. तुटलेलं टाकू नका. अर्धं भिंग पूर्ण प्रतिमा देतं हे दाखवायला तेच पहिलं काढा.